आकड्याच्या घराचा दाखला

गेल्या जुलै महिन्यातील गोष्ट. आमच्या ग्रंथालयात पुस्तकांची नवी सूची संगणकावर आली आणि संगणकाच्या कडेला एक चिठ्ठी डकवण्यात आली. चिठ्ठीवर सूचीचा पत्ता होता. पण त्या पत्त्यात नाव नव्हते, नुसते आकडे होते : १९२.१६८.१.२०. मी ते आकडे टाइप केले मात्र, पडदाभर लाल इशारा उमटला. तुमचे कनेक्शन खाजगी नाही, कोणीतरी तुमची माहिती चोरीत असण्याचा संभव आहे, अशा अर्थाचा. मी हात मागे घेतला. शेजारी पुस्तके लावीत असलेले ग्रंथालयातील काका हसून म्हणाले, "घाबरू नका ताई. खाली 'अ‍ॅडव्हान्स्ड' लिहिलंय ना, ते दाबा आणि पुढे जा. सगळे तसंच करतात." मी तसेच केले. हवे ते पुस्तक कोणत्या कपाटात आहे ते मला कळले आणि माझे काहीही चोरीस गेले नाही.

दुसरी गोष्ट त्याआधीची, २०२२ च्या दिवाळीतली. मी तेव्हा बारावीत होते. बाबांच्या फोनवर निरोप आला की, विजेचे बिल थकले आहे, आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल, खाली दिलेल्या ठिकाणी ताबडतोब भरणा करावा. बाबांनी ते पान उघडले आणि फोन माझ्यापुढे धरला. "बघ गं, बरोबर आहे ना हे?" मी पाहिले. पत्त्याच्या डाव्या बाजूला लहानसे कुलूप होते. शाळेत संगणकाच्या तासाला शिकवले होते की, कुलूप असले म्हणजे पान सुरक्षित. मी म्हणाले, "कुलूप आहे बाबा, भरा." बाबांनी कार्डाचा क्रमांक भरला, फोनवर आलेला ओटीपी भरला, आणि दहा मिनिटांत खात्यातून अकरा हजार चारशे रुपये गेले. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

लाल इशारा होता तिथे चोर नव्हता आणि कुलूप होते तिथे चोर बसलेला होता, हे कसे? तर्कशास्त्राच्या विद्यार्थिनीला हे कोडे स्वस्थ बसू देईना. म्हणून मी या विषयाच्या मागे लागले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे. यात थोडे यंत्रज्ञान आहे आणि बरेचसे थट्टेचे आहे. कारण संगणकाचे जाळे ज्यांनी विणले ती माणसे मोठी विनोदी होती, आणि त्यांचे विनोद समजले की जाळेही समजते, असा माझा अनुभव आहे.

आरंभ पत्त्यापासून करू. इंटरनेटवरील यंत्रे एकमेकांना नावाने ओळखीत नाहीत, क्रमांकाने ओळखतात. आयपी पत्ता म्हणतात तो हाच. १९८१ साली पक्क्या झालेल्या नियमानुसार हा पत्ता चार आकड्यांचा असतो आणि प्रत्येक आकडा ० पासून २५५ पर्यंत कोणताही असू शकतो. असे एकूण ४२९ कोटींहून थोडे अधिक पत्ते होतात. त्या काळी ही संख्या अफाट वाटली. पण ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती कोठारातील शेवटचे गठ्ठेही वाटून संपले. म्हणून पुढे याहून फार लांब पत्त्यांची नवी पद्धत आणावी लागली. जुनी आजही तिच्या जोडीने चालूच आहे.

माणसाला आकडे पाठ राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नाव आणि क्रमांक यांची जोडी सांगणारी एक यादी असे. ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली ठेवली जाई. कोणाला आपल्या यंत्राला नाव द्यायचे असेल तर तिथे कळवायचे, मग ते यादीत चढायचे. जाळे वाढले तशी ती एका जागची यादी पुरेना. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आज वापरात असलेली नावांची व्यवस्था, म्हणजे डीएनएस, आखली. आपण नाव टाइप करतो आणि ही व्यवस्था पडद्याआड त्याचा क्रमांक शोधून देते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हे सारे जेव्हा आकाराला आले तेव्हा जाळे म्हणजे एक लहानसे गाव होते. विद्यापीठे, संशोधन संस्था आणि त्यांतील एकमेकांना ओळखणारी माणसे. गावात कोणी कोणाचा दाखला मागत नाही. 'अमक्याचा मुलगा' एवढे पुरते. आणि जिथे ओळख असते तिथे थट्टाही असते. जाळ्याचे नियम ज्या निवेदनांतून प्रसिद्ध होतात त्यांना आरएफसी म्हणतात, म्हणजे 'अभिप्राय कळवावा' अशा अर्थाचे नम्र शीर्षक. या गंभीर निवेदनांच्या मालिकेत १९७८ च्या १ एप्रिलला पहिल्यांदा एक एप्रिल फूल शिरले आणि पुढे ती प्रथाच पडली.

त्यांतील सर्वांत गाजलेले निवेदन १ एप्रिल १९९० चे, डेव्हिड वेट्झमन यांचे. विषय : कबुतरांच्या द्वारे इंटरनेटची वाहतूक कशी करावी. कागदाच्या सुरळीवर मजकूर छापावा, ती कबुतराच्या पायाला बांधावी आणि कबुतर सोडून द्यावे, हे सर्व अगदी खऱ्या नियमाच्या थाटात लिहिलेले. लोक हसले आणि विसरले असे मात्र झाले नाही. २८ एप्रिल २००१ रोजी नॉर्वेतील बर्गन शहरात तिथल्या संगणकप्रेमी मंडळाने हा प्रयोग खरोखर करून पाहिला. नऊ निरोप पाठवले, चारांची उत्तरे आली. सर्वांत जलद उत्तराला सुमारे ५४ मिनिटे लागली आणि सर्वांत मंद उत्तराला सुमारे १०६.

हा विनोद पोरकट नाही. इंटरनेटचा गाभाच त्यात सांगितला आहे. निरोप तारेतून गेला, हवेतून गेला की कबुतराच्या पायाला बांधून गेला, याच्याशी आयपीला कर्तव्य नाही. तो पोचेलच अशी हमी नाही. आणि तो योग्य माणसाच्या हाती पडला की भलत्याच्या, हे तर कबुतराला मुळीच ठाऊक नसते. पत्ता पाहून ते एका छपरावर उतरते. त्या छपराखाली कोण राहतो याची चौकशी ते करीत नाही. आजचे इंटरनेट कबुतरापेक्षा कोट्यवधी पटींनी चपळ आहे, पण या एका बाबतीत ते कबुतरच आहे.

दुसरा प्रसिद्ध विनोद १२७.०.०.१ या क्रमांकाचा. हा पत्ता दुसऱ्या कोणाचा नसतो. ज्या यंत्रावर तो टाइप कराल त्या यंत्राचा स्वतःचाच असतो. म्हणून संगणकवाल्यांच्या घरी दारावर पाटी असते की, १२७.०.०.१ सारखे सुख दुसरीकडे नाही. एक जुना किस्साही सांगतात. एका उर्मट मुलाने कोणाला तरी धमकी दिली, तुझा पत्ता सांग, तुझा संगणक उद्ध्वस्त करतो. त्याने शांतपणे सांगितले, १२७.०.०.१. मुलाने हल्ला चढवला आणि स्वतःचाच संगणक मोडून बसला. मौज म्हणजे १२७ ने सुरू होणारे सगळेच पत्ते, १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६, या 'स्वतः'साठी राखून ठेवलेले आहेत. एवढ्या 'मी'पणाची गरज कोणालाच पडली नाही. पण पत्ते स्वस्त होते त्या दिवसांतली ती उधळपट्टी आहे.

आपल्याकडे दार वाजते, आतून आजी विचारते, "कोण आहे?" आणि बाहेरून उत्तर येते, "मी!" आवाज ओळखीचा असला तर एवढे उत्तर पुरते. नसला तर त्याला काही अर्थ नाही. कारण 'मी' सगळेच असतात. नेमकी हीच अडचण जाळ्यापुढे उभी राहिली. गाव वाढून महानगर झाले, अनोळखी माणसे पैशांचे व्यवहार करू लागली, आणि 'मी' हे उत्तर पुरेनासे झाले.

यावर तिसरा विनोद फार मार्मिक आहे. १ एप्रिल २००३ रोजी स्टीव्हन बेलोविन यांनी एक निवेदन काढले. आयपीच्या प्रत्येक पाकिटावर एक जागा रिकामी आहे; तिथे दुष्ट हेतूने पाठवलेल्या पाकिटांनी १ लिहावा, सज्जन पाकिटांनी ० लिहावा, म्हणजे पहारेकऱ्याला चोर ओळखणे सोपे जाईल! चोराने कपाळावर 'चोर' असे लिहून यावे, अशी ही सूचना. आपण हसतो, पण हसता हसता कळते की, माणसाने स्वतःविषयी दिलेली साक्ष काही कामाची नाही. साक्ष तिसऱ्याने द्यावी लागते.

ती तिसऱ्याची साक्ष म्हणजेच सुरक्षेचे सर्टिफिकेट, आपल्या भाषेत दाखला. कॉलेजात आपण बोनाफाईड काढतो तसाच हा प्रकार. मी या महाविद्यालयाची विद्यार्थिनी आहे हे मी स्वतः कागदावर लिहून दिले तर एसटीचा पास मिळत नाही. प्राचार्यांची सही आणि शिक्का लागतो. आणि पासाच्या खिडकीवरील माणसाने तो शिक्का मानला पाहिजे. जाळ्यातही असे शिक्के देणाऱ्या ठरावीक संस्था आहेत. आपल्या ब्राउझरजवळ मान्य शिक्क्यांची यादी आधीपासून भरलेली असते. पान उघडताना ते आपला दाखला पुढे करते. ब्राउझर शिक्का पाहतो, नाव जुळते का पाहतो, मुदत पाहतो. तिन्ही ठीक असले तर गप्प राहतो; एक जरी चुकले तरी लाल होतो.

पण दाखल्याची नक्कल करून दुसऱ्या कोणी ती दाखवली तर? त्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघांनी असे मांडले की, किल्ल्यांची जोडी करता येईल. एक जगजाहीर करायची, दुसरी जन्मभर आपल्याजवळ लपवायची. एकीने केलेले काम दुसरीनेच जुळते. दाखल्यात जाहीर किल्ली छापलेली असते. तो पुढे करणाऱ्याला आपल्याजवळ लपवलेली किल्ली आहे हे तिथल्या तिथे सिद्ध करावे लागते. दाखल्याची नक्कल कोणीही करील. लपवलेल्या किल्लीची कशी करणार? १९९४-९५ च्या सुमारास नेटस्केप या कंपनीने ही कल्पना ब्राउझरमध्ये आणली आणि पुढे कुलूप घरोघरी दिसू लागले.

आता ग्रंथालयाच्या लाल पानाकडे येऊ. हे दाखले सामान्यतः नावाला मिळतात, क्रमांकाला क्वचितच. याचे कारण चाळीत राहिलेल्या माणसाला लगेच कळेल. खोली क्रमांक १२ मध्ये आज जोशी राहतात, पुढच्या वर्षी शेख राहतील. 'खोली १२ सज्जन आहे' असा दाखला दिला तर जोशी गेल्यावर त्याचे काय करायचे? आयपी क्रमांकही असेच भाड्याचे असतात. आज एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्यातून १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांची तऱ्हा निराळीच. १९९६ च्या नियमानुसार हे पत्ते खाजगी वापरासाठी मोकळे सोडलेले आहेत. आमच्या ग्रंथालयात १९२.१६८.१.२० आहे, तसा समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातही असू शकतो. ज्याला जगात लाखो धनी आहेत अशा पत्त्याचा दाखला कोणतीही मान्य संस्था देत नाही, देऊही नये. मग आमच्या सूचीच्या यंत्राने काय केले? स्वतःचा दाखला स्वतःच लिहिला आणि खाली स्वतःचीच सही केली. "कोण आहे?" "मी!" आणि ब्राउझरने आजीसारखे दार लावून घेतले. त्याचे चुकले नाही. त्याने 'हा चोर आहे' असे म्हटले नव्हते. 'हा कोण ते मला सांगता येत नाही' एवढेच म्हटले होते.

संस्थेने आपला एक शिक्का तयार करून आपल्याच संगणकांत तो मान्य करून ठेवला की हा इशारा सन्मार्गाने जातो. पण 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबून पुढे जाण्याची सवय मात्र वाईट. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. तिथे खोटी हाक मुलगा मारीत होता. इथे हाक खरी असते आणि ती न ऐकण्याचा सराव आपणच करतो. एखाद्या दिवशी बँकेच्या पानावर तोच इशारा येईल, आणि बोट सवयीने पुढे जाईल.

तरीही काही क्रमांकांना दाखल्याची खरी गरज असते. नावावरून क्रमांक सांगणाऱ्या डीएनएसचेच उदाहरण घ्या. टेलिफोन डिरेक्टरीचा नंबर डिरेक्टरीत शोधायचा कसा? तो आधी ठाऊक असावा लागतो. १ एप्रिल २०१८ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीने अशी एक सेवा १.१.१.१ या क्रमांकावर सुरू केली. अमेरिकन पद्धतीने तारखेत महिना आधी येतो, म्हणजे ४ आणि १, चार एक! एप्रिल फूलच्या दिवशी सुरू झालेली ही सेवा मात्र थट्टेची नव्हती. हा क्रमांक आशिया-प्रशांत विभागाच्या नोंदणी संस्थेकडचा. लक्षात ठेवायला इतका सोपा की, अनेकांनी आपल्या यंत्रांत तो उगाचच लिहून ठेवलेला होता आणि त्यामुळे भलभलत्या ठिकाणचा केरकचरा त्या पत्त्यावर येऊन पडत असे. या क्रमांकाला रीतसर दाखला आहे. त्यामुळे विचारणारा माणूस नावाशिवायही खात्री करून घेऊ शकतो.

असे दाखले पूर्वी थोड्यांनाच मिळत. २०१५ पासून नावांचे दाखले फुकट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेने १ जुलै २०२५ रोजी क्रमांकाचा आपला पहिला दाखला जाहीर केला आणि जानेवारी २०२६ पासून ते सर्वांना खुले केले. अट एकच, पण अर्थपूर्ण : अशा दाखल्याची मुदत १६० तास, म्हणजे सहा दिवसांपेक्षा थोडी जास्त. क्रमांक खरोखर तुमच्या ताब्यात आहे की नाही हे संस्था पाहते. एक सांकेतिक खूण त्या क्रमांकावर ठेवायला सांगते आणि स्वतः जाऊन ती तिथे आहे का ते बघते. भाडेकरू बदलतो, म्हणून दाखलाही आठवड्याच्या आत शिळा होतो. नावांच्या दाखल्यांची मुदतही आखडतेच आहे. १५ मार्च २०२९ पासून ती जास्तीत जास्त ४७ दिवस असावी असे ठरले आहे.

मग शिक्का देणाराच चुकला तर? कुंपणच शेत खाते अशीही उदाहरणे आहेत. २०११ साली हॉलंडमधील डिजिनोटार या दाखले देणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली, पाचशेहून अधिक खोटे दाखले निघाले, गूगलच्या नावाच्या एका खोट्या दाखल्याच्या साहाय्याने इराणमधील लोकांवर पाळत ठेवली गेली, आणि त्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले. २०१४ च्या जुलैत आपल्या देशातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या शिक्क्याने गूगलच्या नावांचे अनधिकृत दाखले निघाल्याचे आढळले. आणि क्रमांकाचा प्रकार अगदी अलीकडचा : १.१.१.१ चे बारा दाखले क्रोएशियातील फिना या संस्थेने फेब्रुवारी २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात, क्लाउडफ्लेअरला न विचारता, देऊन टाकले होते. चाचणी घेताना क्रमांक चुकीचा घातला गेला, असा खुलासा संस्थेने केला. म्हणजे सोप्या क्रमांकाचा जो जुना मोह, तोच इथेही! हे उघडकीस येऊ शकले, कारण दिलेल्या दाखल्यांची नोंद जाहीर वह्यांत करण्याची पद्धत २०१३ पासून आखली गेली आहे. वही कोणालाही पाहता येते. मात्र पाहणारा कोणी हवा. या बारा दाखल्यांकडे दीड वर्ष कोणाचे लक्ष गेले नाही.

आता शेवटी बाबांच्या अकरा हजार चारशे रुपयांकडे. त्या पानावरील कुलूप खोटे नव्हते, हेच मला उशिरा कळले. चोराने वीज कंपनीच्या नावासारखे दिसणारे एक नाव विकत घेतले होते आणि त्या नावाचा रीतसर, खरा दाखला काढला होता. दाखल्यात एवढेच म्हटले होते की, तुम्ही ज्या नावाशी बोलत आहात ते नाव याच्याच ताब्यात आहे आणि तुमचे बोलणे वाटेत कोणी ऐकणार नाही. ते अक्षरशः खरे होते. बाबांचा ओटीपी चोराखेरीज कोणालाही कळला नाही! दाखला 'हा तोच आहे' असे सांगतो. 'हा चांगला आहे' असे सांगत नाही. या दोन विधानांतला फरक तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यातला, आणि त्याच फरकात आमचे पैसे गेले. चूक एकटीचीच होती असेही नाही. गूगलच्या २०२१ मधील पाहणीत कुलपाचा नेमका अर्थ केवळ ११ टक्के लोकांना सांगता आला होता. अखेर २०२३ साली क्रोम ब्राउझरमधून ते चिन्ह काढूनच टाकण्यात आले.

हे सगळे मी एका रविवारी बाबांना समजावून सांगितले. कबुतरांची गोष्ट ऐकून ते खूप हसले. कुलपाचा भाग आला तेव्हा गंभीर झाले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे कुलूप दाराला होतं, पण दार आपलं नव्हतं." दोन हजार शब्दांत मी जे सांगितले ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. आता कोणतेही बिल भरण्यापूर्वी ते फोन माझ्यापुढे धरीत नाहीत. चष्मा लावून पत्त्यातले नाव स्वतः एकेक अक्षर वाचतात, आणि मगच मला हाक मारतात.